बंदूक आधी कागदावर हलते, मग गाडीत

खंडेनवमीला आमच्या बेळगुंदीतल्या जुन्या घरांतून आजही शस्त्रपूजा होते. देवघरापुढे पाट मांडतात. पाटावर विळा, कोयता, नांगराचा फाळ, कुणाकडे पणजोबांची तलवार आणि ज्यांच्याकडे आहे त्यांची बंदूक. झेंडूची माळ घालतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. पूजा उरकली की बंदूक घोंगड्यात गुंडाळून पुन्हा माळ्यावर जाते. पुढच्या खंडेनवमीपर्यंत तिची आठवण कुणाला होत नाही. मध्येच आठवण झाली तर ती घर हलवायच्या दिवशी होते, आणि तोवर फार उशीर झालेला असतो.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आमच्या चांगल्या ओळखीचे एक घर पुण्याला मुक्काम हलवत होते. मुलगा तिकडे नोकरीला, नातवंडांच्या शाळा तिकडेच, इथे वाडा सांभाळायला कुणी नाही. ट्रक दारात उभा होता. आम्ही हातभार लावायला गेलो होतो. एक हमाल गादी उचलता उचलता थांबला. म्हणाला, ‘हिच्यात काय तरी कडक हाय.’ गादीत दोन बंदुका होत्या, एक बाराबोरची जोडनळी आणि एक ठासणीची. तिसरी, एकनळी, भांड्यांच्या पोत्याशेजारी उभी करून ठेवलेली. काडतुसांचा डबा देवाच्या पेटीत, समईच्या तेलाच्या बाटलीला लागून.

आम्ही थोरल्या मुलाला विचारले, ‘अरे, परवाना कुठाय?’

‘आबांच्या नावावर हाय की.’

आबांना जाऊन चार वर्षे झाली होती.

‘आणि ट्रकबरोबर कोण जाणार?’

‘डायवर जाईल. आम्ही मागनं गाडीनं येतो. कशाला घाबरतासा अण्णा, गादीत कोण बघतंय?’

गादीत कोण बघतंय! आमच्या जुन्या मराठी घरांची सगळी बेफिकिरी या तीन शब्दांत मावते. म्हणूनच हा लेख. काहींना तो झोंबेल. झोंबू द्या.

भरलेली बंदूक

त्या दिवशी पुढे काय झाले ते आधी सांगतो. शेजारी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक हवालदार राहतात. त्यांना बोलावले. त्यांनी आधी सगळ्यांना अंगणातून बाजूला काढले, पोरांना घरात पाठवले. जोडनळी मधून मोडली आणि दोन्ही नळ्या उजेडाकडे धरल्या. आरपार उजेड दिसला, ती रिकामी. एकनळीही रिकामी. मग ठासणीची घेतली. ती मधून मोडत नाही, त्यामुळे नळीतून उजेड बघायची सोय नाही. हवालदारांनी तोंड माणसांपासून लांब ठेवून ठासायचा गज अलगद आत सोडला. नळीच्या तोंडापाशी गजावर अंगठा धरला, गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून बघितला. गज तळाला पोचलाच नव्हता. चार बोटे अलीकडेच अडत होता.

म्हणजे ती बंदूक भरलेली होती. आबांनी रानडुकरांच्या राखणीला कधी तरी दारू आणि छर्रे ठासले असतील आणि रात्री डुक्कर आलेच नसेल. त्यानंतर किती खंडेनवम्या तिच्यावर फुले वाहिली गेली, किती पोरांनी ती हातात घेऊन फोटो काढले, कुणाला ठाऊक! काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षे जिवंत राहते. वरची टोपी नसली म्हणजे बंदूक रिकामी, अशी समजूत आपल्याकडे आहे. ती समजूत जीवघेणी आहे.

हवालदारांनी ती उतरवायचा प्रयत्न केला नाही. ते काम जाणत्या परवानाधारक कारागिराचे. पण कारागिराकडे न्यायची तरी कशी? घरात कुणाच्याच नावावर परवाना नाही. ती हातात धरून रस्त्यावर पाऊल टाकले की गुन्हा. शेवटी पोलीस ठाण्याला आधी कळवले, ठासणीची भरलेली आहे हे स्पष्ट सांगितले, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे तिन्ही बंदुका ठाण्यात जमा झाल्या. नंबरासकट पावती घेतली. ट्रक चार तास उशिरा, पण बंदुकांशिवाय निघाला. आज ते घर पुण्यात सुखात आहे आणि वारसाचा अर्ज रीतसर चालू आहे.

हमालाचा हात त्या गादीला लागला नसता तर? बेळगावहून हत्तरगी, संकेश्वर, निपाणी, कोगनोळी, कागल असा तो ट्रक जाणार. निवडणुकीच्या हंगामात कोगनोळीला नाका लागतो आणि गाड्या तपासतात. नाक्यावर बंदुका सापडल्या असत्या तर आधी कोण पकडले गेले असते? आबांची लेकरे मागच्या गाडीत. पुढे होता तो ट्रकचा ड्रायव्हर, कुणाच्या तरी गरीब घरातला कर्ता माणूस. आपल्या घराण्याच्या मोठेपणापायी त्याच्या हातात बेडी पडली असती. आणि खड्ड्यात आपटून ती ठासणीची उडाली असती तर काय, याचा विचार ज्याने त्याने करावा.

कायदा काय म्हणतो

आम्ही वकील नव्हे. बँकेत कारकुनी करून आमची हयात चालली आहे. पण कागद वाचायची सवय आहे, म्हणून वाचला. १९५९ चा शस्त्र कायदा म्हणतो, परवान्याशिवाय बंदूक बाळगायची नाही आणि न्यायचीही नाही. परवाना माणसाला मिळतो, घराला मिळत नाही. माणूस गेला की त्याच्या परवान्यावर मुलाला बंदूक ठेवता येत नाही. ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची आणि मग वारसाने आपल्या नावाचा परवाना मागायचा. चार वर्षे माळ्यावर ठेवायची सवलत कुठेही लिहिलेली नाही.

परवानाधारकाच्या वतीने दुसऱ्याने बंदूक नेण्याची मुभा कायद्यात आहे, पण ती अगदी थोडी आहे. धारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने, आणि तेही दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा धारकाच्या स्वतःच्या वापरासाठी. ‘घरसामानाबरोबर ट्रकमध्ये टाकून दिली’ हे त्यात कुठेच बसत नाही. ड्रायव्हरला चिठ्ठी लिहून दिली म्हणून तो सुटणार नाही.

शिक्षाही आता पूर्वीची राहिलेली नाही. विनापरवाना साध्या बंदुकीला पूर्वी एक ते तीन वर्षे कैद होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षे केली, वर दंड. परवाना आहे पण त्याची अट मोडली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लग्नाच्या वरातीत हौसेने बार काढला आणि त्यात कुणाच्या जिवाला धोका झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्यांना अजून जुन्या दिवसांची धुंदी आहे त्यांनी हे आकडे कपाटाच्या दारावर चिकटवावेत.

‘आमची फार जुनी आहे, तिला परवाना लागत नाही’ असे सांगणारेही भेटतात. नुसती जुनी असून भागत नाही. जुन्या घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट आहे खरी. पण ते दुरुस्ती करून वा न करता, कोणत्याच प्रकारे बंदूक म्हणून चालता कामा नये. आबांची ठासणीची जुनी होती, पण भरलेली होती! ती या सुटीत बसेल काय? शिवाय शंभर वर्षांपुढच्या वस्तूला १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू शकतो. ती अमेरिकेतल्या मुलाकडे दिवाणखान्यात टांगायला पाठवू म्हणणाऱ्यांनी आधी तो वाचावा. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

सीमा मान्य नसेल, हद्द मान्य करावीच लागेल

आता आमच्या भागाचे खास दुखणे. राकसकोपच्या पुढे तुडये लागले की चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. आमच्या कित्येक घरांचे पाहुणे पलीकडे, लेकी पलीकडे, कुणाचा जमिनीचा तुकडाही पलीकडे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हे सगळे मुंबई राज्यात होते. आजोबांच्या परवान्यावर मुंबई सरकारचा शिक्का. डुक्कर तेव्हाही तिकडून इकडे यायचे आणि आजही येते. त्याला राज्य पुनर्रचना कायदा कुणी वाचून दाखवला नाही.

म्हणून आमच्यातले काही ताठ मानेने म्हणतात, ‘ही सीमाच आम्हाला मान्य नाही, मग बंदुकीला तरी सीमा का?’ सभेत हे वाक्य टाळी घेते, हे आम्ही जाणतो. सीमा आम्हालाही मान्य नाही. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याच्या निकालाकडे आमचेही डोळे लागले आहेत. पण परवान्यावर जी हद्द लिहिलेली असते, ती दोन राज्यांच्या भांडणातली नव्हे. कुणाचा परवाना जिल्ह्यापुरता, कुणाचा राज्यापुरता, कुणाचा देशभराचा. कायदा केंद्राचा आहे. उद्या बेळगाव महाराष्ट्रात गेले तरी जिल्ह्यापुरता परवाना जिल्ह्यापुरताच राहील आणि कोल्हापूर तेव्हाही दुसराच जिल्हा असेल. सीमालढ्याची पुण्याई बेकायदा बंदुकीवर पांघरूण म्हणून घालू नका. ज्या लढ्यात आमच्या माणसांनी लाठ्या आणि गोळ्या झेलल्या, तो रिकाम्या हातांचा लढा होता. एखाद्या घरात नोंद नसलेली बंदूक सापडली तर नाचक्की त्या घरापुरती राहत नाही. उद्या आमच्या प्रत्येक मोर्चाकडे बोट दाखवायला ती पुरते.

शेतराखणीच्या परवान्याचे तर आणखी वेगळे. तो परवाना पिकाच्या राखणीसाठी मिळतो. आमच्या शिवारात रताळी, बटाटे, काजू. डुकरे एका रात्रीत वाफे उलथे करतात, म्हणून तो मिळाला. माणूस पुण्याच्या सदनिकेत चौथ्या मजल्यावर राहायला गेला, तर तिथे तो कोणते पीक राखणार? त्या परवान्याचा आधारच संपतो. आणि राखणीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभाही नव्हे. १९७२ चा वन्यजीव कायदा त्याच्या वर उभा आहे.

आठवण आणि अभिमान

बंदुकीच्या नोंदीबद्दल आमच्या दक्षिण महाराष्ट्रात जुना राग आहे, आणि तो विनाकारण नाही. १८५७ साली इंग्रजांनी हत्यारबंदी लागू केली तेव्हा मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी हत्यारे द्यायला नकार दिला आणि त्याची किंमत प्राणांनी मोजली. पुढल्याच वर्षी नरगुंदचे भास्करराव भावे उठले. दत्तक नामंजूर झाल्याची आग त्यांच्या मनात होती. त्यांना १२ जून १८५८ रोजी आमच्याच बेळगावात फाशी दिले. मग १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवाना, गोऱ्याला माफी. तो अपमान होता, यात शंका नाही.

पण मंडळी, १९५९ चा कायदा आपल्या संसदेने केला आहे. त्यात गोरा-काळा भेद नाही. हलगलीच्या वीरांचे नाव घेऊन आजची नोंद चुकवणे म्हणजे त्यांच्या नावावर कर्ज काढून बुडवण्यासारखे आहे. ते उघड लढले. आपण गादीत लपवतो.

कुणी कोडगूचे उदाहरण देतात. याच कर्नाटकात कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना परवान्यातून सूट आहे, मग आम्हाला का नको? सूट आहे हे खरे. १९६३ च्या अधिसूचनेने ती चालत आली, २०१९ मध्ये केंद्राने ती ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पण उदाहरण देणाऱ्यांनी पुढचे वाक्यही वाचावे. कोडगूबाहेर राहताना किंवा प्रवास करताना त्यांनाही एक रायफल व तिच्या शंभर गोळ्या आणि एक साधी बंदूक व तिची पाचशे काडतुसे, एवढीच मर्यादा आहे. ज्यांना माफी आहे त्यांनाही वाटेवर मोजमाप आहे. आम्हाला तर माफीच नाही.

तीनाच्या दोन

ज्या घरांत बंदुकांचा संग्रह आहे त्यांनी हा भाग नीट वाचावा. पूर्वी एका माणसाला तीनपर्यंत बंदुका ठेवता येत होत्या. २०१९ च्या दुरुस्तीने दोन केल्या. १४ डिसेंबर २०१९ पासून हा नियम लागू झाला आणि तिसरी जमा करायला एक वर्ष दिले होते. ते वर्ष कधीच सरले. वारशाने आलेल्या बंदुकांनाही हीच दोनाची मर्यादा आहे. ‘वडिलोपार्जित मोजत नाहीत’ ही गावगप्प आहे. परवान्याची मुदत मात्र तीनाची पाच वर्षे झाली, एवढाच काय तो दिलासा.

मग संग्रहाचे करायचे काय? मार्ग आहेत. भावंडांनी वाटून घ्यावे, पण प्रत्येकाने आपल्या नावाचा परवाना काढूनच. ज्या ठेवायच्या नाहीत त्या परवानाधारक विक्रेत्यामार्फत रीतसर विकाव्यात किंवा जमा कराव्यात. आणि सर्वात महत्त्वाचे, म्हाताऱ्या माणसांनी आपल्या हयातीतच हे मार्गी लावावे. २०१६ च्या नियमांत तशी सोय आहे. धारकाला सत्तर वर्षे पूर्ण झाली किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षे असली, यांतले जे आधी होईल तेव्हा तो आपल्या वारसाच्या नावे परवाना मिळावा म्हणून पुढे होऊ शकतो. जमिनीची वाटणी, दागिन्यांची वाटणी हयातीत करतो, वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घालतो; बंदूकच तेवढी आपोआप मुलाकडे जाईल असे कसे धरून चालतो?

पाच लाख गादीत घालून पाठवाल काय?

आमच्या बँकेत एका शाखेतून दुसऱ्या शाखेत रोकड जाते. तिजोरीला दोन चाव्या, दोन माणसांकडे. नोटा मोजून पेटीत, पेटीला कुलूप, नोंद पुस्तकात, सही देणाऱ्याची, सही घेणाऱ्याची. बरोबर बंदूकधारी रखवालदार. आमचे रखवालदार लष्करातून आलेले. रोज संध्याकाळी ते बंदूक मोडून नळीतून उजेड बघतात, काडतुसे मोजतात, मगच घरी जातात. इतक्या वर्षांत एकही दिवस त्यांनी ‘असू दे, रिकामीच आहे’ असे म्हटलेले आम्ही ऐकले नाही.

आता सांगा, तुमच्या घरी पाच लाख रोख असती तर ती गादीत घालून अनोळखी ड्रायव्हरबरोबर पाठवली असती काय? मग जी वस्तू चोराच्या हाती गेली तर कुणाचा जीव घेईल, ती कशी पाठवता? रोकड गेली तर पैसा जातो, पुन्हा मिळवता येतो. बंदूक गेली आणि तिच्याने गुन्हा झाला, तर नंबरावरून पोलीस तुमच्याच दारात येणार.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच: बंदूक आधी कागदावर हलते, मग गाडीत. घर हलवायचे ठरले की भांडीकुंडी बांधायच्या दोन-तीन महिने आधी परवाना बाहेर काढावा. त्यावर नाव जिवंत माणसाचे आहे का, मुदत आहे का, बंदुकीचा नंबर जुळतो का, देशभरच्या नोंदीचा क्रमांक पडला आहे का, हद्द कुठवर आहे, हे बघावे. हद्द पुरत नसेल तर ज्यांच्या सहीने परवाना निघाला त्या जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांकडे लेखी अर्ज करून आधी परवानगी घ्यावी आणि पोच जपून ठेवावी. निवडणूक जाहीर झाली असेल तर घाई करू नये. आचारसंहितेच्या काळात बंदूक ठाण्यात जमा करायला लावतात. घर पुण्याला आणि बंदूक इथल्या ठाण्यात, असे त्रांगडे पुढे सोडवत बसावे लागते.

बांधाबांधीच्या दिवशी बंदूक धारकानेच हाताळावी. आधी रिकामी असल्याची खात्री, उजेडाने किंवा गजाने. डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाच्या शब्दावर विश्वास नको. शंका आली तर हात लावू नये, जाणत्याला बोलवावे. जोडनळी असेल तर नळ्या आणि दस्ता वेगळे करावेत, तेलाचा हात फिरवावा आणि कुलपाच्या टणक पेटीत ठेवावे. काडतुसे दुसऱ्या पेटीत, तिचे कुलूप वेगळे. परवान्यावरच्या संख्येपेक्षा एकही जास्त नको. जुनी हिरवट पडलेली काडतुसे आणि सुटी दारू वाटेवर न्यायचीच नाही. तिची विल्हेवाट कशी लावायची ते पोलिसांना किंवा विक्रेत्याला विचारावे; चुलीत वा विहिरीत टाकू नये. नंबराचे फोटो काढावेत आणि यादीची एक प्रत घरच्या दुसऱ्या जबाबदार माणसाकडे द्यावी.

पेटी ट्रकमध्ये नव्हे, धारकाच्या स्वतःच्या गाडीत, धारकाबरोबर. मूळ परवाना खिशात. वाटेत जेवायला थांबलात तर एक माणूस गाडीत बसून राहील. हमालांना, शेजाऱ्यांना, नव्या सोसायटीतल्या रखवालदाराला पेटीत काय आहे ते सांगत सुटायचे कारण नाही. पण पोलिसांनी विचारले तर लपवायचे नाही. गाडी थांबवली की आधी तोंडाने सांगावे, मग कागद दाखवावा, सांगितल्याशिवाय पेटीला हात लावू नये.

नव्या घरी पोचल्यावर देव मांडायच्या आधी बंदुकीची जागा बघावी. भिंतीत पक्के बसवलेले कुलपाचे कपाट, किल्ली एकाकडे, काडतुसे दुसरीकडे, पोरांच्या हाताला लागणार नाही असे. तीस दिवसांच्या आत नव्या जागच्या परवाना अधिकाऱ्यांना लेखी कळवावे, ते म्हणतील तेव्हा परवाना आणि बंदूक हजर करावी. मग पुढचे नूतनीकरण तिथेच. एवढे केले की माणूस शांत झोपतो.

कचेऱ्यांनाही दोन शब्द

दोष सगळा आमच्याच लोकांचा, असे आम्ही म्हणणार नाही. रीतसर जायचे म्हटले की माणूस या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. इथले म्हणतात, तिकडचे पत्र आणा. तिकडचे म्हणतात, इथला दाखला आणा. सत्तरीच्या म्हाताऱ्याला परवान्याच्या अटी कळत नाहीत, कारण त्या त्याच्या भाषेत कुणी कधी सांगितलेल्या नाहीत. मग तो म्हणतो, जाऊ दे, गादीत घाला. बेकायदा वागणारा माणूस असा कचेरीच्या पायरीवर तयार होतो.

म्हणून आमच्या संघटनेने तीन मागण्या घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे, असे आम्ही सुचवतो. परवान्याच्या अटी आणि मुक्काम हलवण्याची रीत बेळगाव, खानापूर, निपाणी भागांत मराठीतही छापून मिळावी. घटनेचे ३५० वे कलम आपल्या भाषेत गाऱ्हाणे मांडायचा हक्क देते. पंधरा टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्याक असलेल्या भागात सूचना त्यांच्या भाषेतही काढण्याचे धोरण जुने आहे, ते इथे पाळले जावे. दुसरे, परवानाधारक मयत झाला की त्याच्या घरी जमा करण्याविषयी ठाण्यातून सूचना जावी. तिसरे, जमा केलेल्या बंदुकीची आणि वारसाच्या अर्जाची नंबरासकट पोच त्याच दिवशी मिळावी.

पण मागण्या मान्य होईपर्यंत थांबायचे नाही. आधी आपल्या माळ्यावर चढायचे. येत्या खंडेनवमीला बंदूक पाटावर मांडाल तेव्हा शेजारी परवानाही मांडा. नाव वाचा, तारीख वाचा, हद्द वाचा. कागद खरा असेल तर हळदकुंकू वाहा. नसेल तर दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सीमोल्लंघन करायला निघण्यापूर्वी ठाण्यात कळवा. आबांचा वारसा चालवायचा म्हणता ना? मग हेही त्यांचेच राहिलेले काम आहे.